आरोग्य-पाठ : गुंगी वेगळी, आराम वेगळा



या अंकातला पाठ मॉर्फिन व त्यासारख्या वेदनाशामक औषधांविषयी आहे. पाड्यावर कर्करोगाचा रुग्ण असला की घरचे लोक मला दोन गोष्टी हमखास विचारतात. “सिस्टर, हे अफूचं औषध ना? व्यसन लागेल का?” आणि “हे घेऊन माणूस झोपूनच जाईल का?” दोन्ही प्रश्न रास्त आहेत. उत्तर नीट न मिळाल्यामुळे कित्येक घरांत गोळ्या फळीवर पडून राहतात आणि रुग्ण रात्ररात्र कण्हत असतो.

नावातली झोप

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी सेर्ट्युर्नर नावाच्या जर्मन औषध बनवणाऱ्याने अफूतून एक द्रव्य वेगळे काढले. ग्रीक लोकांच्या स्वप्नदेवतेवरून त्याला मॉर्फिन हे नाव पडले. त्यामुळे हे झोपेचे औषध आहे असा समज नावापासूनच सुरू होतो. खरे काम मात्र दुसरे आहे. कुलपात किल्ली बसावी तसे हे औषध मेंदूतल्या आणि पाठीच्या कण्यातल्या ठराविक जागी बसते आणि वेदनेचा निरोप अडवते. गुंगी हा त्याचा जोडपरिणाम आहे. पहिले काही दिवस ती जाणवते, मग बहुधा ओसरते.

आमच्याकडच्या एका आजोबांना तोंडाचा कर्करोग होता. गोळी सुरू झाल्यावर ते दोन दिवस बराच वेळ झोपले. मुलगा घाबरला आणि त्याने औषध बंद केले. मी गेले तेव्हा आजोबा पुन्हा भिंतीला टेकून जागे होते. कित्येक आठवडे दुखण्याने डोळ्याला डोळा लागला नव्हता, ती झोप ते भरून काढत होते. डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी पुन्हा सुरू झाली. चौथ्या दिवशी ते अंगणात बसून पेज प्याले.

घरच्यांनी काय पाहावे

हाक मारल्यावर रुग्ण डोळे उघडतो, उत्तर देतो, श्वास संथ पण नियमित आहे, तर ती आरामाची झोप. हलवूनही जागा होत नाही, श्वास मिनिटाला आठपेक्षा कमी आहे, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या आहेत, ओठ निळसर आहेत, तर ती धोक्याची गुंगी. अशा वेळी पुढची गोळी देऊ नका, कुशीवर वळवा, सारखी हाक मारत राहा आणि ताबडतोब दवाखान्यात आणा. तिथे नॅलोक्सोन नावाचे उलट काम करणारे इंजेक्शन असते. त्याचा असर लवकर उतरतो, म्हणून शुद्धीवर आल्यावरही रुग्णाला लगेच घरी नेऊ नये.

आणखी काही नियम लक्षात ठेवा :

• साधी गोळी बहुधा दर चार तासांनी असते. दुखण्याची वाट न पाहता वेळेवर द्यावी.
• बद्धकोष्ठ जवळजवळ सर्वांना होते. म्हणून जुलाबाचे औषध पहिल्या दिवसापासूनच विचारून घ्यावे.
• मोहाची दारू किंवा झोपेची गोळी यांसोबत हे औषध कधीही नको. श्वास बंद पडू शकतो.
• लघवी कमी होत असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. मूत्रपिंड बिघडले की औषध अंगात साठते.
• बाळाला गप्प ठेवण्यासाठी अफूचे बोट चाटवू नका. बाळ शांत झालेले दिसते, पण त्याचा श्वास मंदावतो.
• उरलेल्या गोळ्या कुलपात ठेवा आणि काम संपल्यावर दवाखान्यात परत करा.

व्यसनाचे भय अगदी खोटे नाही, म्हणूनच डॉक्टर प्रत्येक गोळीची नोंद ठेवतात. पण शरीराला औषधाची सवय होणे आणि व्यसन लागणे एक नव्हे. सवय झालेले औषध एकदम तोडायचे नसते, हळूहळू उतरवायचे असते. अमली पदार्थांचा १९८५ चा कायदा इतका कडक होता की पुष्कळ दवाखाने मॉर्फिन ठेवायलाच धजत नसत. २०१४ च्या दुरुस्तीने मॉर्फिनसह काही औषधे अत्यावश्यक ठरवली आणि मान्यताप्राप्त दवाखान्यांचा मार्ग सुकर केला.

मुक्या जनावरांचे

हाच फरक गोठ्यातही आहे. बैलाला शिंगाचा कर्करोग झाला की शिंग कापावे लागते. झायलाझिनच्या इंजेक्शनने बैल मान टाकतो, खाली बसतो. लोक म्हणतात, “त्याला काही कळत नाही.” पण त्या औषधाने वेदना थोडीच कमी होते, शिंग कापण्याइतकी नाही. त्यासाठी शिंगाची शीर बधिर करावी लागते. पशुवैद्य कधी ब्युटॉर्फेनॉल हे मॉर्फिनच्याच जातीचे औषधही जोडतात. तेव्हा शीर बधिर केली का, हे पशुवैद्यांना जरूर विचारा. झायलाझिन गाईबैलांना फार थोडे पुरते. घोड्याच्या मात्रेचा साधारण दहावा भाग. म्हणून ते कोणी अंदाजाने टोचू नये, आणि जनावराचे औषध माणसाला कदापि देऊ नये. हत्तीला बेशुद्ध करायला वापरतात ते एटॉर्फिन तर थेंबभरही माणसाच्या जिवावर बेतते.

विश्वासाचा प्रश्न

काही वडीलधारे म्हणतात, वधस्तंभावर प्रभूने गुंगीचा द्राक्षारस नाकारला, मग आपणही सोसावे. मी नम्रपणे एवढेच म्हणते, तो प्याला त्याने स्वतःसाठी नाकारला. त्याच्याकडे आलेल्या एकाही दुखणाइताला त्याने “सोस” असे सांगितले नाही. चांगल्या शोमरोन्यानेही जखमी माणसाला उपदेश केला नाही, आधी जखमेवर तेल ओतले. दुसऱ्याच्या वेदनेबद्दल आपण शूर होऊ नये.

मंडळात चर्चेसाठी

१. तुमच्या पाड्यावर कोणी दुखणे लपवून सोसत आहे का? त्याच्याकडे कोण जाईल?
२. आरामाची झोप आणि धोक्याची गुंगी यांतल्या तीन खुणा सांगा.
३. दारू आणि ही गोळी एकत्र का नको, हे आपल्या बोलीत घरच्यांना कसे समजावाल?