हुबेहूब

मिरज, गुरुवार

चि. मुक्ता हिस,


परवा रात्री फोनवर बोलता बोलता तू मध्येच गप्प झालीस, तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. तू रात्री जागून बसवलेलं, रेकॉर्ड केलेलं गाणं सिनेमात दुसरीच्या आवाजात आलं आणि ते तुला बाकीच्या जगाबरोबरच कळलं. वर ऐकावं लागलं, की तुझा आवाज हुबेहूब तिच्यासारखा आहे, मग तीच मिळाली तर तुझी गरज काय? त्या वेळी मला नीट उत्तर देता आलं नाही, म्हणून आज दुपारी दार लावून लिहायला बसले आहे.

तुला सुमन कल्याणपूरांची गाणी येतात. त्यांची हकिकत मात्र मी तुला कधी सांगितली नाही, ती चूक माझी. सुमन हेमाडी हे त्यांचं माहेरचं नाव. घराणं मूळचं कर्नाटकातल्या हेमाडीचं, वडील सेंट्रल बँकेत. बाईंचा जन्म 1937 चा, ढाक्यातला. 1943 मध्ये कुटुंब मुंबईला आलं. त्या जे. जे.मध्ये चित्रकला शिकत होत्या. गाण्यातले पहिले धडे केशवराव भोळ्यांचे. म्हणजे 'प्रभात'च्या 'संत तुकाराम'चे आणि 'कुंकू'चे संगीतकार. शब्दावर इतकी माया करणारा माणूस गुरू म्हणून लाभणं हे मी भाग्य समजते. सुमनताईंचं कुठलंही मराठी गाणं लाव आणि नुसत्या जोडाक्षरांकडे कान दे. एकही अक्षर सुराखाली चेंगरत नाही.

आता तुझ्या दुखण्याशी जुळणारी गोष्ट. 'मंगू' नावाचा हिंदी सिनेमा 1954 चा. संगीतकार महंमद शफींनी सुमनताईंकडून तीन गाणी गाऊन घेतली. मग मध्येच संगीतकार बदलले, ओ. पी. नय्यर आले आणि तीनपैकी एकच गाणं सिनेमात राहिलं, एक अंगाई. मुलगी जेमतेम सतराची. त्या घरी येऊन रडल्या की नाही, मला माहीत नाही. मी असते तर रडले असते, तूही खुशाल रड. पण त्याच वर्षी 'दरवाजा' या सिनेमात त्या तलत महमूदसारख्या गायकाबरोबर द्वंद्वगीत गात होत्या, एवढं लक्षात ठेव.

आणि मग ती 'हुबेहूब'ची गोष्ट, जिच्यासाठी मी हे पत्र लिहिते आहे. साठीच्या दशकात लताबाई आणि रफीसाहेब यांच्यात रॉयल्टीवरून बिनसलं. लताबाई म्हणत, गाणं विकलं जातंय तोवर गाणाऱ्यालाही वाटा मिळावा. रफीसाहेब म्हणत, मानधन हातात पडलं की आपला हक्क संपला. काही वर्षं दोघं एकत्र गायले नाहीत. त्या काळात रफीसाहेबांबरोबरची कितीतरी द्वंद्वगीतं सुमनताईंकडे आली. 'राजकुमार', 'जब जब फूल खिले', 'ब्रह्मचारी', सगळी त्याच दशकातली. लोक म्हणाले, आवाज लतासारखा म्हणून मिळाली. मिळाली असतील. पण दार कुणामुळे उघडलं हे विचारणारी माणसं आत गेल्यावर काय झालं ते कधीच विचारत नाहीत. रफीसाहेबांसमोर उभं राहून शंभराहून जास्त गाणी गायची, तीही शंकर-जयकिशन, कल्याणजी-आनंदजींसारख्यांच्या हाताखाली, ही काय नुसत्या साधर्म्यावर निभणारी गोष्ट आहे? त्याआधी 1959 च्या 'चाँद'मध्ये त्या खुद्द लताबाईंबरोबर एकाच गाण्यात गायल्या होत्या. ते गाणं आज रात्री हेडफोन लावून ऐक. दोन आवाज शेजारी शेजारी उभे आहेत. पहिल्यांदा गोंधळशील, तिसऱ्यांदा ऐकताना गोंधळणार नाहीस.

तरी रेडिओवर त्यांचं गाणं लागलं की घरोघरी लोक बिनदिक्कत लताबाईंचं नाव घ्यायचे. आमच्या वाड्यातसुद्धा. मी स्वतः 'नूरमहल'मधलं गाणं कितीतरी वर्षं लताबाईंचंच समजत होते. सिनेमा कुणी पाहिलेला नाही, संगीतकार जानीबाबू कव्वाल फारसे कुणाला आठवत नाहीत, पण ते गाणं आहे. त्यात बाई ओळीच्या शेवटी सूर दाबून बंद करत नाहीत, श्वासाबरोबर अलगद सोडून देतात, जशी झोपलेल्या मुलाच्या अंगाखालून आपण मांडी काढून घेतो. ती लकब त्यांची स्वतःची आहे. ती मला ऐकू आली त्या दिवसापासून मी पुन्हा फसले नाही.

मुक्ता, 'हुबेहूब' ऐकल्यावर बाई काय करते, हे मला ठाऊक आहे, कारण मी ते केलं आहे. बाविसाव्या वर्षी मी एका ऑर्केस्ट्रात गात होते आणि पोस्टरवर माझ्या नावाआधी 'प्रतिलता' छापलं जायचं. सुरुवातीला अंगावर मूठभर मांस चढायचं. मग एकदा माझ्या आवडीचं भावगीत म्हणू द्या म्हटलं, तर उत्तर मिळालं की लोक त्यासाठी तिकीट काढत नाहीत. त्या रागात मी आवाज बदलायला निघाले. मुद्दाम जाड लावायचा, खर्जात ओढायचा, घशातून काढायचा. चार महिन्यांत गळा बसला आणि वर्षभर मला साधं 'सा' धरवेना. तुझे बाबा त्या वेळी मला डॉक्टरांकडे घेऊन जायचे, विचार त्यांना. तू हे करू नकोस, एवढं माझं ऐक. ज्या पट्टीत गळा मोकळा लागतो, त्याच पट्टीत गा. कुणी एक पट्टी चढवायला सांगितली, तर एकदा करून दाखव, पण रियाज स्वतःच्याच पट्टीत कर.

आणि मराठी सोडू नकोस. सुमनताईंचं नाव आपल्याकडे घट्ट बसलं ते दशरथ पुजारी, वसंत प्रभू, अशोक पत्की यांच्या चालींवर. पत्की तर त्यांच्या कार्यक्रमांत पेटीच्या साथीला बसायचे. रोज ऐकणाऱ्या माणसाला कळतं, की या गळ्यात काय शोभेल, आणि मग 'केतकीच्या बनी' होतं. तुझ्याबरोबर रोज बसणारा कोण आहे? त्या मोठ्या स्टुडिओच्या दारात ताटकळण्यापेक्षा तुझा तो कोल्हापूरचा मित्र, जो चाली करतो, त्याच्याबरोबर आठवड्यातून दोन संध्याकाळी बस.

पैशाचंही बोलते. स्क्रॅच, म्हणजे दुसऱ्या गायिकेच्या आधी तात्पुरतं, गायचं असेल तर गा, त्यात कमीपणा नाही, पण ते स्क्रॅच आहे हे आधी कागदावर लिहून घे आणि ठरलेली रक्कम घेतल्याशिवाय घरी येऊ नकोस. लताबाई ज्या रॉयल्टीसाठी भांडल्या, ती 2012 मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाल्यावर गाणाऱ्यांच्या हक्कात आली. गाणं तुझ्या आवाजात बाहेर आलं, तर सही करण्याआधी करार वकिलाला दाखव. दादाला सांगितलं आहे, तो ओळखीच्या वकिलाकडे घेऊन जाईल.

2009 मध्ये महाराष्ट्र शासनानं सुमनताईंना लता मंगेशकर पुरस्कार दिला. काहींना ते विचित्र वाटलं असेल. मला नाही वाटलं. 2023 मध्ये पद्मभूषण मिळालं, वय 86. टीव्हीवर त्यांना बघून मी देवापुढे साखर ठेवली. 'मंगू'त अंगाईच तेवढी उरली होती, आणि 1977 मध्ये एन. दत्तांच्या चालीवर त्यांनी निंबोणीच्या झाडाची अंगाई म्हटली. तुला पाळण्यात मी तीच म्हणायचे. तुझ्या आईची झोप होईना, मग रात्री तुला मी घ्यायचे आणि तू ती दोनदा म्हटल्याशिवाय डोळा मिटायची नाहीस.

तुझा तंबोरा जवारी काढायला सतारमेकर गल्लीत दिला होता, काल परत आणला. त्या कारागिरानं माझ्यासमोर घोडीवर कानस फिरवली, तारेखालचा दोरा केसभर सरकवला, आणि जोडीचा दुसरा तंबोरा वाजवून दाखवला. एकाच हातचे दोन, एकाच सुरात लावलेले, तरी मी डोळे मिटून तुझा ओळखला. तो तुझ्याच पट्टीत लावून ठेवला आहे. दिवाळीला ये, चार दिवस जास्त राहा. पहाटे दोघी बसू.

तुझी,
आत्या