गिरणीचा आवाज आणि वीस प्रयुक्त

आमच्या घराच्या भिंतीला लागून पिठाची गिरणी आहे. ती संध्याकाळी चालते आणि नेमकी तीच माझी अभ्यासाची वेळ. घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. त्यामुळे गुण कमी पडले की आई गिरणीला बोल लावते आणि वडील मला. दोघांपैकी खरे कोणाचे, हे तपासण्याची संधी मानसशास्त्राच्या प्रात्यक्षिकाने दिली.

'गोंगाटाचा पाठांतरावरील परिणाम' हा विषय मी घेतला. गोंगाट हा स्वतंत्र परिवर्त्य, आठवलेल्या शब्दांची संख्या हा परतंत्र परिवर्त्य. इथवर सोपे होते. घोडे अडले ते प्रयोगाच्या आराखड्यापाशी. वर्गातले वीस जण प्रयुक्त व्हायला तयार होते. मी झटपट दोन गट पाडले : पुढच्या बाकांवरचे दहा शांततेत, मागचे दहा गोंगाटात. सरांनी एवढेच विचारले, "पुढे कोण बसतं रे?" मी ओशाळलो. फरक निघाला असता तरी तो आवाजाचा की बाकांचा, हे ब्रह्मदेवालाही सांगता आले नसते.

यावर उपाय यादृच्छिक वाटणीचा. रोनाल्ड फिशर यांनी १९३५ च्या आपल्या ग्रंथात तिचाच आग्रह धरला आहे. कोण कोणत्या गटात हे प्रयोगकर्त्याने नव्हे, चिठ्ठीने ठरवायचे. पण चिठ्ठीने पक्षपात जातो, योगायोग उरतोच. दहांच्या गटात एखादा एकपाठी आला की सरासरी वर सरकते. शंभर प्रयुक्त असते तर मी चिठ्ठ्यांवरच थांबलो असतो.

मग प्रत्येकाची तुलना त्याच्या स्वतःशीच केली तर? एकाच व्यक्तीला दोन्ही परिस्थितींत पाठांतर द्यायचे. म्हणजे जात्याच स्मरणशक्ती तल्लख की मंद, हा प्रश्नच मिटतो. मात्र इथे दुसरे भूत उभे राहते ते क्रमाचे. दुसऱ्या खेपेस सरावाने गुण वाढतील किंवा कंटाळ्याने घटतील. शिवाय तीच यादी पुन्हा देता येत नाही, आणि दोन याद्या सारख्याच अवघड असतील याची हमी काय? म्हणून प्रतिसंतुलन करावे लागते : निम्म्यांना आधी शांतता, निम्म्यांना आधी गोंगाट, याद्यांचीही तशीच अदलाबदल. चार मांडण्या होतात, प्रत्येकीत पाच जण. वीस हा आकडा इथे कामी आला! गॉडन आणि बॅडली यांनी १९७५ मध्ये पाणबुड्यांकडून जमिनीवर व पाण्याखाली शब्द पाठ करून घेतले, तेव्हा प्रत्येक पाणबुड्याला चारही परिस्थितींतून नेले होते.

हा आराखडा सर्वत्र चालत नाही. पाठांतराची युक्ती शिकवून तिचा परिणाम पाहायचा असेल, तर एकदा शिकवलेली युक्ती डोक्यातून काढता येत नाही. तिथे वेगळे गटच हवेत.

मी दुसरा आराखडा निवडला आहे आणि मोबाइलवर गिरणीचा आवाज भरून आणला आहे. पण एक शंका सुटत नाही. माझे सोबती तो आवाज काही मिनिटे ऐकतील. मी तो जन्मापासून ऐकतो आहे. मला त्याची सवय झाली आहे, की मी रोज थोडेथोडे गमावतो आहे? हे तपासायचे तर काही मुलांना गिरणीशेजारी वाढवावे लागेल, आणि कोणी कुठल्या घरात वाढायचे याच्या चिठ्ठ्या टाकता येत नाहीत. वडिलांना हे समजावून सांगितले. ते म्हणाले, "मग तुझा प्रयोग कशाला?" मी म्हटले, "निदान वीस मिनिटांचं तरी कळेल."