लिंगोचें गाणें

विद्यार्थिमित्रहो, आपल्या नागपुरांतील एखाद्या शाळेचा हजेरीपट उघडून पाहिला, तर त्यांत टेकाम, मरकाम, नेताम, वरकडे अशीं आडनांवें आढळतात. रोज हांक मारतांना त्यांचा अर्थ काय असेल, हा प्रश्न आपल्या मनांत सहसा येत नाहीं. गोंडी भाषेंत टेका म्हणजे साग व मर्का म्हणजे आंबा. टेकाम हें सागाचें कुळ, मरकाम हें आंब्याचें. नेताम कुळाचें नातें कुत्र्याशीं आणि वरकडे कुळाचें रानमांजराशीं सांगितलें जातें. ज्यास आपण नुसती नांवांची यादी समजतों, तें पाहूं गेल्यास एक लहानसें अरण्यच आहे. माणसांच्या कुळांना झाडांचीं व प्राण्यांचीं नांवें कां मिळालीं, हें ज्या कथेंत सांगितलें आहे, ती लिंगोची कथा आज आम्ही तुमच्यापुढें ठेवणार आहों.

गोंड लोक आपणांस परके नाहींत. नागपूर शहर देवगडचा गोंड राजा बख्तबुलंदशहा यानें १७०२ च्या सुमारास वसविलें. चांदा, भंडारा, गोंदिया, गडचिरोली, यवतमाळ या जिल्ह्यांत व मध्य प्रदेश, छत्तीसगड आणि तेलंगण या शेजारच्या प्रांतांत त्यांची वस्ती आहे. ते स्वतःस 'कोइतूर' म्हणवितात. त्यांची गोंडी भाषा तेलुगु व तमिळ यांच्याप्रमाणें द्राविडी कुळांतील आहे. इतका निकटचा शेजार असूनहि त्यांच्या पुराणांची ओळख आपल्यापैकीं थोड्यांनाच असते. याचें एक कारण असें कीं, हीं पुराणें पोथ्यांत नव्हतीं, तीं प्रधानांच्या कंठांत होतीं. प्रधान हे गोंडांचे पिढीजात गायक. किंगरी वाजवून देवांचीं व कुळांचीं गाणीं गावीं, हें त्यांचें काम. शामराव हिवाळे या मराठी गृहस्थांनीं नर्मदेच्या वरच्या खोऱ्यांतील प्रधानांवर १९४६ सालीं एक मोठें इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केलें आहे.

परंतु हें गाणें कागदावर उतरविण्याचा मान त्याच्याहि बराच आधीं, आपल्याच शहरांत, एका पाद्रीसाहेबांकडे जातो. स्कॉटलंडांतून आलेले रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप हे १८४५ सालीं नागपुरास आले. त्यांचें नांव धारण करणारें महाविद्यालय १८८३ पासून येथें चालू आहे. उपदेश व अध्यापन हीं त्यांचीं मुख्य कामें. पण फिरतीवर असतां ते दगड, जीवाश्म आणि रानांतील लोकांच्या बोली यांचाहि अभ्यास करीत. असेंच एकदां त्यांनीं एका प्रधानाच्या तोंडून लिंगोचें गाणें ऐकलें व लिहून घेतलें. तें थोडक्यांत असें.

प्रारंभीं गोंड पुष्कळ झाले. त्यांना राहणीची रीत ठाऊक नव्हती. त्यांच्या वागण्यानें महादेव रुष्ट झाला. त्यानें एक खार निर्माण केली. ती गोंडांच्या पुढून पळाली, तेव्हां तिच्या मागें धांवत सारे एका गुहेंत शिरले. महादेवानें गुहेच्या तोंडावर प्रचंड शिळा लोटली. चौघे तेवढे बाहेर राहिले. ते रानांत वणवण हिंडूं लागले.

इकडे एका झाडाच्या फुलांत लिंगो जन्मला. आई नाहीं, बाप नाहीं. मधाच्या थेंबांवर तें बाळ वाढलें. मोठा झाल्यावर त्याला ते चौघे भाऊ भेटले. त्यानें त्यांना झाडी तोडून शेत करण्यास शिकविलें. शिकार मिळाली, पण ती भाजण्यास विस्तव नव्हता. विस्तव होता रिकाड गवडी नांवाच्या एका भयंकर म्हाताऱ्यापाशीं. धाकटा भाऊ तो चोरावयास गेला, आणि जीव घेऊन पळत परत आला. मग लिंगो स्वतः गेला. त्यानें भोपळ्याचें एक तंतुवाद्य तयार केलें, पिंपळावर चढून बसला आणि वाजवूं लागला. रान निःशब्द झालें. म्हातारा आपला क्रोध विसरून नाचूं लागला, त्याची म्हातारीहि नाचूं लागली. विस्तव तर मिळालाच, शिवाय म्हाताऱ्यानें आपल्या सातहि मुली त्या भावांना देऊं केल्या.

पुढें खोट्या आळावरून भावांनींच लिंगोचा घात केला. देवानें कावळ्यास शोधावयास पाठविलें व अमृत शिंपून लिंगोला उठविलें. उठल्यावर त्यानें भावांवर सूड घेतला नाहीं. कोंडलेले गोंड कोठें आहेत, हें तो चंद्राला, सूर्याला विचारीत फिरला. अखेरीस महादेवानें त्यांना सोडण्याचें कबूल केलें. मात्र त्याकरितां बिंदो नांवाच्या अजस्र पक्ष्याचीं पिलें आणण्याची अट घातली. समुद्रांतला एक सर्प तीं पिलें दरवेळीं खाऊन टाकीत असे. लिंगोनें सर्पाला मारलें. कृतज्ञ झालेल्या पक्ष्यांनीं त्याला पंखांवर घेऊन महादेवापाशीं पोंचविलें. शिळा सरली, गोंड बाहेर आले.

तरीहि संकट सरलें नव्हतें. वाटेंत नदीला पूर आला. बाकीचे पार गेले, पण ते चौघे भाऊ मागें राहिले. त्यांना नेण्यास एक मगर आणि एक कांसव पुढें आलीं. मगरीनें मध्यधारेंत बुडी मारून दगा दिला. कांसवानें त्यांना पाठीवर घेऊन पैलतीरास लावलें. तेव्हां त्यांनीं कांसवाला कधींहि इजा न करण्याची शपथ घेतली. यानंतर लिंगोनें गोंडांचीं कुळें वांटून दिलीं, सोयरिकीचे नियम घातले, परसा पेन म्हणजे थोरल्या देवाची पूजा शिकविली आणि तो अदृश्य झाला.

हीच कथा निरनिराळ्या ठिकाणीं निरनिराळ्या रूपांत सांगतात. गोंदिया जिल्ह्यांतील सालेकसा तालुक्यांत दरेकसा स्टेशनापासून जवळच्या डोंगरांत कचारगड नांवाची विस्तीर्ण नैसर्गिक गुहा आहे. हीच ती गुहा, अशी गोंडांची श्रद्धा असून माघी पौर्णिमेस तेथें हजारों लोक जमतात. तेथें सांगतात तें असें: गुहेंत कोंडलेलीं तेहतीस मुलें होतीं, आणि हिरासुका पाटालीर नांवाच्या वादकानें ती शिळा हलविली, मात्र त्याच शिळेखालीं सांपडून त्याचा अंत झाला.

येथें एखादा पालक विचारील कीं, असल्या अद्भुत गोष्टी मुलांस सांगून काय साधावयाचें? आम्ही म्हणतों, ही कथा इतिहास म्हणून वाचूं नका. एखाद्या समाजाच्या आठवणींतील ऋणपत्र म्हणून वाचा. तिच्यांत किती जीव आले, तें मोजा. फुलानें जन्म दिला, मधानें पोसलें, कावळ्यानें शोधलें, पक्ष्यानें वाहून नेलें, कांसवानें तारलें. माणूस येथें अरण्याचा स्वामी नाहीं, तो अरण्याचा देणेकरी आहे. आणि हें देणें केवळ गाण्यांत राहिलें नाहीं. ज्या कुळाचें जें झाड किंवा जो प्राणी, त्याला त्या कुळानें इजा करावयाची नाहीं, असा दंडक पडला. थोरला देव ऐनाच्या झाडांत वसतो, या श्रद्धेनें त्या झाडास मान मिळाला. गडचिरोलीकडे 'मरका पंडुम' हा आंब्याचा सण झाल्यावांचून नवा आंबा खात नाहींत. फळास कोय धरेपर्यंत हात आवरून धरावा, हा व्यवहारी शहाणपणा या सणांत आहे, असें आम्हांस वाटतें. आपण ज्यास नियमांनीं व दंडांनीं जपूं पाहतों, तें या लोकांनीं नात्यानें जपलें.

भीतीलाहि त्यांनीं असेंच नात्याचें रूप दिलें आहे. तुमच्यापैकीं कित्येकजण ताडोब्याचें रान पाहून आले असतील. तेथील तलावाच्या कांठीं एका झाडाखालीं ताडोबाचें स्थान आहे. तारू नांवाचा गांवचा प्रमुख वाघाशीं झुंजतांना मेला व देव झाला, अशी त्याची आख्यायिका आहे. पौष महिन्यांत तेथें गोंडांची जत्रा भरत असे. वाघानें माणूस मारला, तरी ज्या रानांत हें घडलें, त्याच्याशीं त्या लोकांनीं वैर धरलें नाहीं. तेथें देवस्थान केलें. आपण मराठी लोकहि वाघाला 'वाघोबा' म्हणतों, आणि रात्रीं सापाचें नांव न घेतां 'जनावर' म्हणतों. हा त्याच स्वभावाचा अंश आहे.

हा स्वभाव केवळ आपल्या देशांतला नव्हे. युरोपच्या अगदीं उत्तरेस नॉर्वे, स्वीडन, फिनलंड व रशिया यांच्या बर्फाळ टोंकांस सामी नांवाचे लोक राहतात. रेनडिअर नांवाचीं हरणें पाळणें व मासे धरणें हे त्यांचे पूर्वापार उद्योग. तेहि अस्वलाचें नांव उघड न उच्चारतां 'आजोबा' अशासारख्या आदराच्या शब्दानें त्याचा उल्लेख करीत, आणि शिकार झाल्यावर त्याचीं हाडें विधिपूर्वक पुरीत. कांहीं धोंडे ते पवित्र मानीत व मासे मिळावेत म्हणून त्यांना माशांचें तेल चोपडीत. आपल्याकडे धोंड्यास शेंदूर लावतात, तसेंच हें. त्यांचा 'नोआइदी' म्हणजे देवऋषी रेनडिअरच्या कातड्यानें मढविलेला ढोल वाजवी. त्या कातड्यावर सूर्य, प्राणी आणि देव यांचीं चित्रें काढलेलीं असत. प्रधानाची जशी किंगरी, तसा त्यांचा हा ढोल. दोन्ही वाद्यें म्हणजे त्या त्या समाजाचें पुस्तकच.

यापुढचें लिहितांना आम्हांस संकोच होतो, कारण आमची शाळाहि मिशनचीच आहे. सतराव्या व अठराव्या शतकांत तेथील धर्मोपदेशकांनीं व अधिकाऱ्यांनीं हे ढोल हिसकावून घेतले. कित्येक जाळून टाकले. थॉमस फॉन वेस्टेन या मिशनऱ्यानें जमविलेल्या ढोलांपैकीं पुष्कळ १७२८ च्या कोपनहेगनच्या आगींत भस्म झाले. आज जगांत असे जुने ढोल सुमारें सत्तरच उरले आहेत. १६९१ सालीं एका वृद्ध सामी माणसाकडून जप्त केलेला ढोल २०२२ सालीं, म्हणजे तीनशें एकतीस वर्षांनीं, डेन्मार्कनें सामी लोकांच्या संग्रहालयास परत केला. ढोल परत आला. पण त्यावरील प्रत्येक चित्राचा अर्थ खात्रीनें सांगणारें माणूस आतां कोठून आणावें?

या पार्श्वभूमीवर हिस्लॉपसाहेबांचें काम पाहिलें म्हणजे त्याचें मोल कळतें. त्यांचा स्वतःचा धर्म त्या गाण्याहून निराळा होता. तरी त्यांनीं गाणें बंद पाडलें नाहीं, बसून ऐकलें. १८६३ च्या सप्टेंबरांत टाकळघाट येथील प्राचीन शिळावर्तुळें पाहून बोरी गांवाकडे परततांना, पूर आलेल्या ओढ्यांत ते बुडून मरण पावले. त्यांस पार नेणारें कांसव त्या अंधारांत भेटलें नाहीं. त्यांचे कागद मात्र वांचले. मध्यप्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांनीं ते संपादून १८६६ सालीं छापविले, म्हणून हें गाणें आज आपण वाचूं शकतों. एक उणीव मात्र आम्हांस सलते. पुस्तकाच्या पहिल्या पानावर हिस्लॉप व टेंपल हीं नांवें आहेत. ज्याच्या कंठांतून गाणें आलें, त्या प्रधानाचें नांव तेथें नाहीं.

आतां आपल्या काळाकडे वळूं. २०११ च्या शिरगणतींत गोंडी ही मातृभाषा सांगणारे सुमारें तीस लाख लोक नोंदले गेले. गोंडांची संख्या मात्र एक कोटीहून अधिक आहे. म्हणजे बहुसंख्य गोंडांच्या घरांतून ती भाषा उठून गेली आहे. भाषा गेली म्हणजे टेकाम हें नांव हजेरीपटावर राहतें, पण त्यांतला साग दिसेनासा होतो. कोणी ढोल न जाळतांहि असें होऊं शकतें. ऐकणारा उठून गेला कीं पुरे.

आपल्या जरीपटक्यास ही गोष्ट नवी नाहीं. १९४७ च्या फाळणीनंतर येथें पुष्कळ सिंधी कुटुंबें आलीं. गांव, घर, नदी सर्व मागें राहिलें. परंतु पल्ला माशावर बसलेला झूलेलाल, म्हणजे सिंधु नदीचा देव, त्यांनीं बरोबर आणला, आणि चेटीचंडाच्या दिवशीं तो अजूनहि वाजतगाजत निघतो. ज्यांची नदीच दूर राहिली, त्यांना गाण्याचें मोल निराळें सांगावयास नको.

म्हणून विद्यार्थिमित्रहो, या सुटींत एवढें करा. घरच्या आजीला, आजोबांना किंवा गांवाकडून आलेल्या पाहुण्यांना विचारा: आपलें आडनांव कोठून आलें? कोणतें झाड आपण तोडीत नाहीं? कोणत्या प्राण्याचें नांव रात्रीं घेत नाहीं, आणि कां? त्या जें सांगतील तें त्यांच्याच बोलींत वहींत उतरून घ्या. त्यांत सुधारणा करूं नका, हंसूं नका. पालकांनींहि 'त्या जुन्या गोष्टी कशाला' असें म्हणून मुलांस अडवूं नये. शेवटीं सांगणाऱ्याचें नांव, गांव व तारीख न विसरतां लिहा. त्या प्रधानाच्या बाबतींत जें राहून गेलें, तें आपल्या हातून तरी राहूं नये.