मोटारसायकलींतील तेल व तें बदलण्याची रीत

आपल्या यवतमाळ जिल्ह्यांत पूर्वीं ज्याच्या घरीं बंडी असे, त्याच्या घरीं वंगणासाठीं एरंडेलाचें भांडेंहि असावयाचें. चाक आंसावर फिरूं लागलें कीं दोन्ही एकमेकांवर घासत, व त्यांच्यामध्यें वंगण नसेल तर बंडी करकरत चाले. वंगण घालावयास जो विसरला त्याचा विसर साऱ्या गांवाला ऐकूं येई, आणि त्याच्या बैलांना तेंच ओझें अधिक जड होई.

आज बंडीचें पुष्कळसें काम मोटारसायकल करिते. दुधाचे कॅन, सरकीची ढेप, खताचें पोतें, परीक्षेला निघालेला मुलगा, आणि अपरात्रीं तालुक्याच्या दवाखान्यांत न्यावयाचा रोगी, हीं सर्व तिच्यावरूनच जातात. परंतु तिचें वंगण धातूच्या पेटींत दडलेलें असल्यामुळें तें आटलें किंवा निकामी झालें तरी ती बंडीप्रमाणें वेळेवर तक्रार करीत नाहीं. तक्रार करिते तेव्हां बहुधा उशीर झालेला असतो. पिस्टन नळकांड्यांत अडकून बसतो, व एका डबा तेलाच्या किंमतींत भागलें असतें तेथें साऱ्या एंजिनाचें काम काढावें लागतें. ऐन वेचणीच्या दिवसांत घरावर असा खर्च येणें म्हणजे काय, हें येथील मुलांना निराळें सांगावयास नको.

तेल एंजिनांत काय करितें हें समजण्यासाठीं थोडें गणित करूं. हीरो होंडा कंपनीनें १९९४ सालीं काढलेली स्प्लेंडर ही गाडी आपण सर्वांनीं पाहिली आहे. तिच्या ९७·२ घन सेंटिमीटरच्या एंजिनांत नळकांड्याचा व्यास ५० मिलिमीटर व पिस्टनाची धांव ४९·५ मिलिमीटर असते. वर्तुळाचें क्षेत्रफळ काढून त्यास धांवेनें गुणिलें म्हणजे हाच ९७·२ चा आंकडा येतो. वहींत करून पाहावें. आतां हें एंजिन मिनिटास ५,००० फेरे घेत आहे असें धरा. प्रत्येक फेऱ्यांत पिस्टन एकदां वर व एकदां खालीं, म्हणजे सुमारें १० सेंटिमीटर जातो. मिनिटास ५०० मीटर, तासास ३० किलोमीटर! शिवाय हा प्रवास सरळ रस्त्यानें नव्हे. मिनिटास दहा हजार वेळां थांबून व उलट फिरून, आगीच्या अगदीं शेजारीं राहून तो करावयाचा असतो. पिस्टन व नळकांडें यांच्यामध्यें तेलाचा जो अतिशय पातळ पापुद्रा असतो, त्याच्याच आधारावर हें सर्व चालतें.

पण घर्षण कमी करणें एवढेंच तेलाचें काम नाहीं. तें तापलेल्या भागांतील उष्णता वाहून नेतें. जळण्यांतून उत्पन्न होणारी काजळी व झिजलेल्या धातूचे कण तें आपल्यांत धरून ठेवतें, त्यांना एका जागीं सांचूं देत नाहीं. म्हणून कांहीं दिवसांत तेल काळें दिसूं लागलें तर दचकण्याचें कारण नाहीं. काळें होणें हा त्याच्या नोकरीचाच भाग आहे. खरी हानि डोळ्यांस दिसत नाहीं. गिअरच्या दातांमध्यें चिरडून चिरडून त्याचा दाटपणा कमी होतो, आणि त्यांत मिसळलेलीं रक्षक द्रव्यें खर्ची पडतात. त्यामुळें नुसत्या रंगावरून निदान करूं नये. पुस्तिकेंत दिलेल्या किलोमीटरांवर विश्वास ठेवावा, आणि गाडी रोज धुळीच्या पांदणीनें, ओझें घेऊन जात असेल तर त्याहून थोडें अगोदरच तेल बदलावें.

एरंडेलाची कथा मात्र बंडीबरोबर संपत नाहीं. इंग्लंडांतील एका कंपनीनें १९०९ सालीं मोटारीसाठीं तेल काढलें, त्यांत एरंडेल मिसळलें होतें, आणि एरंडेलाच्या इंग्रजी नांवावरूनच त्याला कॅस्ट्रॉल असें नांव दिलें. पहिल्या महायुद्धांतील पुष्कळ विमानांचीं एंजिनेंहि एरंडेलावर चालत. पुढें असें दिसून आलें कीं उष्णतेनें तें चिकट होऊन आंत थर धरितें, व खनिज तेलानें त्याची जागा घेतली. आपल्या यवतमाळ-मूर्तिजापूर मार्गावरील शकुंतला गाडी १९९४ पर्यंत वाफेच्या एंजिनावर चाले. अशा एंजिनाचे सांधे उघडे असल्यामुळें माणूस तेलाची लांब चोंचेची झारी घेऊन त्यांना हातानें तेल पाजीत असे. मोटारसायकलींत हें काम तेलाचा पंप करितो. ज्या पालकांनीं तरुणपणीं लूना चालविली असेल त्यांना तिसरीच तऱ्हा आठवेल. १९७२ सालीं निघालेल्या त्या गाडींत तेल पेट्रोलांतच मिसळून घालीत व तें जळून जाई. बदलण्याचा प्रश्नच नव्हता. त्याच नांवाची विजेवरील गाडी २०२४ सालीं निघाली, तिला तर एंजिनच नाहीं! या लेखांतील रीत आहे ती चार धांवांच्या, म्हणजे आज सर्वत्र दिसणाऱ्या पेट्रोलच्या मोटारसायकलीसाठीं.

तेल विकत घेतांना डब्यावरील अक्षरें वाचावीं. १०डब्ल्यू-३० किंवा २०डब्ल्यू-५० असे आंकडे असतात. डब्ल्यू हें हिंवाळा या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचें आद्याक्षर होय. पहिला आंकडा थंडींत तेल कितपत वाहूं शकतें तें दाखवितो, व दुसरा १०० अंश सेल्सिअस उष्णतेंत तें कितपत दाट राहतें तें दाखवितो. काकवी पौषांतील पहाटे भांड्यांतून उतरतां उतरत नाहीं व वैशाखांत घळाघळा वाहते. तेलाचा स्वभाव तसाच आहे, आणि तो आटोक्यांत ठेवण्यासाठींच हे दोन आंकडे. आपल्याकडे उन्हाळ्यांत पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, म्हणून कांहीं जण आपल्याच बुद्धीनें जाड तेल भरतात. कारखान्यानें तापलेल्या एंजिनाचा विचार करूनच आंकडा ठरविलेला असतो; पुस्तिकेंत जो असेल तोच घ्यावा.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. बहुतेक मोटारसायकलींत एंजिन, गिअर व क्लच हीं तिन्हीं एकाच तेलांत बुडालेलीं असतात. मोटारीच्या कांहीं तेलांत निसरडेपणा वाढविणारीं द्रव्यें घातलेलीं असतात. तीं येथें आलीं तर क्लचच्या चकत्या घसरूं लागतात, एंजिन ओरडतें आणि गाडी पुढें जात नाहीं. म्हणून डब्यावर जेएएसओ एमए ही खूण आहे कीं नाहीं तें पाहावें. ओल्या क्लचच्या मोटारसायकलीसाठीं ही जपानी प्रमाणाची खूण १९९८ पासून चालू आहे. गाडी नवी व हमीच्या मुदतींत असेल, तर पालकांनीं कंपनीच्या अटी प्रथम वाचाव्या. तोंवर मुलांनीं शेजारीं उभें राहून मिस्त्रीचें काम पाहिलें तरी बरेंच शिकावयास मिळेल.

आतां प्रत्यक्ष काम. गिअरची मोटारसायकल चालविण्यास अठरा वर्षें पुरीं व्हावीं लागतात. तिचें तेल बदलण्यास तशी अट नाहीं, मात्र पहिल्या वेळीं घरांतील मोठें माणूस जवळ असावें. सपाट जागेवर गाडी मधल्या स्टँडवर उभी करावी. दोनचार मिनिटें एंजिन चालू ठेवून बंद करावें व थोडा वेळ थांबावें. कोमट तेल मोकळेपणीं वाहतें व काजळी बरोबर घेऊन येतें. पण कढत तेल हात भाजवितें, आणि सायलेन्सर तर त्याहून आधीं भाजवितो. एंजिनाखालीं जुनें घमेलें ठेवावें. प्रथम वरचें, तेल भरावयाचें झांकण सैल करावें. यानें हवा आंत जाऊन तेल लवकर उतरतें. दुसरें कारण व्यवहाराचें आहे: वरचें झांकण उघडत नाहीं हें खालचें तेल सांडून गेल्यावर कळण्यापेक्षां आधीं कळलेलें बरें.

एंजिनाच्या तळाशीं तेल सोडण्याचा बोल्ट असतो. अनेक लहान गाड्यांवर त्याला १७ मिलिमीटरचा पाना लागतो. येथें नवशिका हटकून गोंधळतो. बोल्ट सैल करण्यास घड्याळाच्या कांट्याच्या उलट फिरवावा हें त्यास ठाऊक असतें. परंतु तो वरून वांकून पाहत असतो, व बोल्टाचें डोकें जमिनीकडे असतें. आपण जमिनीवर उताणे पडून त्या डोक्याकडे पाहत आहों अशी कल्पना करावी, आणि मग दिशा ठरवावी. उलट दिशेस जोर केला तर मऊ धातूंतील आटे कापले जातात. शेवटचे दोन फेरे हातानें काढून बोल्ट चटकन बाजूस घ्यावा, नाहींतर तो तेलाबरोबर घमेल्यांत पडतो. बोल्टाबरोबरचें वायसर नीट पाहावें. चेपलें असेल तर नवें घालावें, त्याला फार पैसे पडत नाहींत.

तेल निथळावयास दहापंधरा मिनिटें लागतात. तेवढ्यांत त्या काळ्या तेलाचें काय करावयाचें याचा विचार करूं, कारण बहुतेक घरीं चूक होते ती येथेंच. कोणी तें धूळ बसावी म्हणून अंगणांत शिंपडतात, कोणी वाळवी लागूं नये म्हणून कुंपणाच्या खांबांस फांसतात, कोणी सरळ नालींत ओततात. आपल्या जिल्ह्याच्या बऱ्याच भागांत काळी माती व तिच्याखालीं काळा पाषाण आहे. ती माती उन्हाळ्यांत हातहात खोल भेगाळते, आणि विहिरीचें पाणी येतें तें त्या पाषाणाच्या फटींतूनच. आज अंगणांत ओतलेलें तेल पावसाळ्यांत कोणत्या वाटेनें कोणाच्या विहिरींत जाईल हें ओतणाऱ्यास सांगतां यावयाचें नाहीं. नालींत ओतलेलें तर ओढ्यानाल्यावाटे नदीसच मिळतें. ज्या यवतमाळ शहरानें २०१८ च्या उन्हाळ्यांत पाण्याची टंचाई सोसली, त्या भागांतील मुलांस पाण्याची किंमत ठाऊक आहे.

केंद्र सरकारच्या २०१६ च्या नियमांत वापरलेलें तेल घातक कचऱ्यांत मोडतें. तरी तें टाकाऊ नव्हे. शुद्ध करून त्यांतून पुन्हां वंगण काढतां येतें, आणि १ एप्रिल २०२४ पासून त्याच्या पुनःप्रक्रियेची जबाबदारी तेल तयार करणाऱ्यांवर टाकिली आहे. तेव्हां तें नव्या तेलाच्या रिकाम्या डब्यांत भरून, घट्ट बूच लावून, तेल गोळा करणाऱ्या गॅरेजांत नेऊन द्यावें. त्यांत पाणी, रॉकेल, पेट्रोल मिसळूं नये. मिसळलें तर शुद्ध करणें कठिण होतें. पिण्याच्या पाण्याच्या बाटलींत तर तें कधींच ठेवूं नये. हातांत रबरी मोजे घालावे. २०१७ सालीं कपाशीवरील फवारणीच्या विषबाधेनें या जिल्ह्यांतील कित्येक शेतकरी व मजूर दगावले. एंजिनाचें तेल तसें तत्काळ मारणारें विष नव्हे; पण वापरलेल्या तेलांतील कांहीं द्रव्यें वर्षानुवर्षें कातडीस लागत राहिल्यास कर्करोगास कारण होतात, आणि मिस्त्रीकाम पुढें धंदा म्हणून करूं इच्छिणाऱ्या मुलानें ही संवय पहिल्याच दिवशीं लावून घ्यावी.

तेल निथळलें म्हणजे बोल्टाची जागा चिंधीनें पुसून बोल्ट प्रथम केवळ बोटांनीं बसवावा. तो सरळ चढत असेल तर तीनचार फेरे विनासायास जातात. अडला तर काढून पुन्हां लावावा, पाना घेऊं नये. शेवटीं पान्यानें आवळावयाचा, पण किती? समजा पुस्तिकेंत २४ न्यूटन-मीटर असें दिलें आहे. पाना २० सेंटिमीटर लांब असेल तर त्याच्या टोंकास सुमारें १२ किलोचा जोर पुरे, म्हणजे पाण्याची भरलेली मध्यम बादली उचलण्यास लागतो तेवढा. बोल्ट पोलादी व पेटी ॲल्युमिनियमची असल्यामुळें जास्त बळ लावलें तर हार पेटीचीच होते. अंगांत जोर असलेल्या मुलांकडून हें नुकसान फार होतें. पाना आखूड धरावा.

नवें तेल नरसाळ्यांतून, पुस्तिकेंतील मापापेक्षां थोडें कमी, प्रथम ओतावें. लहान गाड्यांस पूर्ण लिटरहि बहुधा लागत नाहीं, म्हणून सगळा डबा उपडा करूं नये. जास्त तेल झालें तर तें फेंसाळतें व सांध्यांतून बाहेर येऊं पाहतें. झांकण लावून एंजिन दोनतीन मिनिटें चालवावें, बंद करावें, आणखी तितकाच वेळ थांबून मग पातळी पाहावी. कांहीं गाड्यांत कांचेची लहान खिडकी असते. कांहींत झांकणालाच कांडी असते. ती पुसून आंत घालावी, पण पुष्कळ गाड्यांत मोजतांना ती आटे न फिरवितां नुसती टेंकवावयाची असते, तेव्हां आपल्या गाडीची रीत पुस्तिकेंत पाहावी. तेल दोन खुणांच्या मध्यें, वरच्या खुणेच्या जवळ असावें. आंतील जाळी किंवा फिल्टर बदलावयाचा असेल तर पहिल्या वेळीं तें काम मिस्त्रीकडे सोंपवावें.

रात्रीं गाडीच्या खालीं एक जुनें वर्तमानपत्र पसरून ठेवावें. सकाळीं बोल्टाच्या बरोबर खालीं डाग दिसला तर वायसर तपासावें. कागद कोरा असेल तर घड्याळांतील किलोमीटर व तारीख एका वहींत लिहून ती वही गाडीच्या कागदांबरोबर ठेवावी.