मत्स्यबीजाचा प्रवास

गावतळ्यात मत्स्यबीज सोडूनही उत्पादन हाती येत नाही, तेव्हा दोष बहुधा तळ्याला दिला जातो. वस्तुतः कटला, रोहू, मृगळ यांची पिल्ले पुष्कळदा वाटेतच खचलेली असतात. पोट भरलेल्या पिल्लांच्या विष्ठेने पिशवीतील पाणी नासते, अमोनिया साचतो. यास्तव बीज उपाशी ठेवूनच भरले होते काय, याची चौकशी पंचायतीने अवश्य करावी. पॉलिथिनच्या पिशवीत सुमारे एक तृतीयांश पाणी व उर्वरित भागात प्राणवायू असतो. वाहतूक रात्री अथवा पहाटे व्हावी. कारण तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि माशांना मात्र तो अधिक लागतो.

खरी घाई होते ती काठावर. बीज एकदम ओतल्यास तापमानातील फरकाने ते दगावते. बंद पिशवी 15 ते 20 मिनिटे तळ्यात तरंगत ठेवावी. नंतर तोंड सोडून तळ्याचे पाणी थोडेथोडे आत घ्यावे व पिशवी आडवी करावी. सशक्त पिल्ले आपण होऊन बाहेर पडतात. समारंभ ठेवलाच असेल, तर भाषणे मागाहून व्हावीत! पिशवीत मेलेली पिल्ले मोजून तो आकडा पुरवठ्याच्या नोंदीत त्याच दिवशी लिहावा.