चोपण जमीन व खाणींतील टाकाऊ माल

नीरा व कृष्णा या नद्यांच्या खोऱ्यांत कालव्याचें पाणी आलें आणि उसाचे मळे उभे राहिले. परंतु ज्या काळ्या जमिनींस पाणी फार व निचरा थोडा, त्यांतील कित्येक नापीक झाल्या. नीरेच्या खोऱ्यांतील अशा जमिनींचा अभ्यास पुण्याच्या शेतकी कॉलेजांतील डॉ. हॅरल्ड मॅन यांनीं १९१० सालींच प्रसिद्ध केला होता. शेतकऱ्याची वडिलार्जित मिळकत यांत बुडते, म्हणून हा विषय आम्ही विद्यार्थ्यांपुढें मांडीत आहों.

बिघडलेल्या जमिनी मुख्यत्वें दोन प्रकारच्या. खारवट जमिनींत विद्राव्य क्षार सांचतात; चर खणून निचरा केला व गोडें पाणी दिलें म्हणजे ते धुऊन जातात. चोपण जमिनीचा रोग याहून खोल. तींत सोडियम मातीच्या कणांसच चिकटून बसतें. ढेंकळें विरून कण विखुरतात, छिद्रें बुजतात, पाणी वर तुंबतें आणि मुळें गुदमरतात. याची परीक्षा दोन पेल्यांत होते. दोहोंत चमचाभर चोपण माती व पावसाचें पाणी घालावें, एकांत चिमूटभर जिप्सम टाकावें आणि ढवळून ठेवावें. जिप्समचें पाणी लवकर निवळतें. दुसरें गढूळच राहतें. जिप्सममधील कॅल्शियम सोडियमास हुसकून त्याची जागा घेतें व कण पुन्हां एकत्र येतात, हें त्याचें कारण.

आपल्या काळ्या जमिनींत चुनखडीच्या रूपानें कॅल्शियम पुष्कळ असतें. मग तें उपयोगी कां पडत नाहीं? कारण अशा जमिनीच्या पाण्यांत चुनखडी जवळजवळ विरघळत नाहीं. तीस विरघळविण्यास आम्ल हवें, आणि तें खाणींतील टाकाऊ मालांतून मिळूं शकतें. बिहारांत रोहतास जिल्ह्यांत अमझोर येथें पायराइटच्या, म्हणजे लोह व गंधक यांच्या खनिजाच्या, खाणी होत्या. तेथील हलका माल दळून उत्तर प्रदेश व बिहार येथील ‘ऊसर’ जमिनींत घालण्यांत आला. ओल, हवा व सूक्ष्म जंतू यांच्या योगें पायराइटपासून गंधकाम्ल होतें. तें चुनखडीशीं मिळून शेतांतच जिप्सम तयार होतें. सुटें झालेलें सोडियम मग पाण्याबरोबर खालीं उतरतें.

मात्र तीन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. निचऱ्याचे चर नसतील तर सोडियम जाणार कोठें? दुसरें, जींत चुनखडी नाहीं त्या जमिनीस हा उपाय लागू नाहीं. तिसरें, खाणीच्या मालांत सोमल व शिसें असूं शकतें, आणि याच आम्लानें खाणींजवळचे ओढे नासलेले आहेत. म्हणून माती व माल या दोहोंचें पृथक्करण करून घेतल्यावांचून एक टोपलीही शेतांत टाकूं नये.