पाठ : घराचे वायरिंग बदलायचे का?

बालमित्रांनो, आपल्यापैकी बरेच जण इंग्लंडमधल्या जुन्या घरांत राहतात. काळ्या रबराचे आवरण असलेल्या तारा आढळल्या, तर वायरिंग बहुधा १९६० च्या सुमाराचे किंवा त्याआधीचे असते. रबर सुकून तडकते, तार उघडी पडते, आग लागू शकते. असे वायरिंग बदलावेच.

लाल-काळ्या तारा मात्र २००४ पर्यंत सर्रास वापरत. प्लास्टिकचे आवरण शाबूत असेल, तर नुसत्या रंगावरून घाबरू नये. दर १० वर्षांनी इलेक्ट्रिशियनकडून तपासणी करावी आणि मगच ठरवावे.

मुलांनो, जळका वास आला तर हात न लावता आईबाबांना सांगा.

शब्दार्थ : आवरण – वेष्टन, शाबूत – न बिघडलेले.

प्रश्न : लाल तार दिसली म्हणून वायरिंग बदलावे का? कारण लिहा.